पायराझिनामाइडची चाचणी, माध्यमाचा पीएच आणि एकटाच आलेला ‘रेझिस्टंट’

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या लॅबमध्ये एमजीआयटी ९६० वर (द्रव माध्यमाच्या नळ्यांत जंतूंची वाढ मोजणारं यंत्र) एका रुग्णाच्या टीबीच्या जंतूची औषधचाचणी लावली. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल या तिन्हींना जंतू सेन्सिटिव्ह (औषधाने थांबणारा) आला, पायराझिनामाइडला मात्र रेझिस्टंट (औषधाला न जुमानणारा). चाचणी पुन्हा लावली तर पायराझिनामाइडलाही सेन्सिटिव्ह. वरिष्ठ म्हणाले, ‘पीएचचा घोळ असणार.’ म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: नेहमीच्या नळीत हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच ५.५ वर आणला तर निकाल जास्त खात्रीचा मिळेल का, दोनपैकी कुठला रिपोर्ट खरा मानायचा, आणि आम्ल माध्यमाचा बाकीच्या औषधांवरही असाच परिणाम होतो का.

वरिष्ठांचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. ‘पीएच किती ठेवावा’ हे उत्पादकाने ठरवूनच दिलेलं आहे. आपल्यापुढचा प्रश्न असा की नळी बनली तेव्हा तिच्यात जो पीएच होता तो चाचणीच्या दोन-तीन आठवड्यांत टिकतो का, आणि टिकत नसेल तर तो कोण हलवतं. माझ्या अनुभवात तो हलवणारा बहुतेक वेळा जंतूच असतो, आणि जंतू किती घालायचे हे आपल्या पिपेटच्या हातात असतं.

हे औषध इतरांपेक्षा वेगळं का वागतं ते आधी बघू. पायराझिनामाइडचा टीबीवरचा गुण १९५२ च्या सुमारास उंदरांमध्ये दिसला. नेहमीच्या उदासीन माध्यमात मात्र ते जंतूंना काहीच करत नव्हतं. १९५४ मध्ये मॅकडरमॉट आणि टॉम्पसेट यांनी दाखवलं की माध्यम आम्लधर्मी केलं, पीएच ५ ते ५.५ च्या आसपास नेला, की हेच औषध नळीतही काम करतं. आपण आजही नेमक्या याच गोष्टीशी झगडतो आहोत.

पायराझिनामाइड स्वतः निष्क्रिय असतं. ते जंतूच्या आत सहज शिरतं. आत पायराझिनामिडेज नावाचं एन्झाइम त्याचं पायराझिनोइक आम्ल करतं. हे एन्झाइम पीएनसीए जनुकातून बनतं, आणि ते जनुक १९९६ मध्ये ओळखलं गेलं. तयार झालेलं आम्ल जंतूबाहेर पडतं. बाहेरचं माध्यम उदासीन असेल तर ते भारित रूपातच राहतं आणि परत आत येऊ शकत नाही. माध्यम आम्लधर्मी असेल तर त्याचा अगदी छोटा हिस्सा भाररहित होतो, तो आवरणातून परत आत शिरतो आणि आत प्रोटॉन सोडतो. क्षयाच्या जंतूची हे आम्ल बाहेर फेकण्याची क्षमता दुबळी असल्यामुळे ते आत साचत जातं. गेल्या दशकातल्या संशोधनातून दिसलं की गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पायराझिनोइक आम्ल पॅनडी नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि कोएन्झाइम-ए बनण्याची वाट अडवतं, हेही आता चांगलं प्रस्थापित झालं आहे. आतलं आम्लीकरण नेमकं किती महत्त्वाचं यावर वाद आहेत. आपल्या चाचणीपुरतं मात्र एवढं पक्कं आहे की पीएच वाढला की हे औषध लंगडं पडतं.

किती लंगडं पडतं, त्याचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. पायराझिनोइक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला आम्लाचे निम्मे रेणू भाररहित असतात तो आकडा) २.९ आहे. म्हणजे पीएच ५.९ ला त्याचा साधारण हजारातला एक रेणू भाररहित असतो. पीएच ५.५ ला हेच प्रमाण अडीचपट होतं. आणि ६.४ ला? ५.९ च्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उरतं. अर्ध्या अंकाचा फरक डोळ्यांना क्षुल्लक वाटतो, पण मापनपट्टी लॉगॅरिदमची आहे. भाररहित रेणूंचाच हिशेब धरला, तर १०० मायक्रोग्रॅम औषध घातलेली नळी ६.४ वर गेल्यावर तीसएक मायक्रोग्रॅमच्या नळीसारखी वागू लागते. प्रत्यक्ष मोजमापं याच दिशेने जातात: संवेदनशील जंतूला थोपवायला पीएच ५.५ ला ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी पुरतं, ५.९ च्या आसपास १०० लागतं, आणि उदासीन माध्यमात हजाराच्या पुढे गेलं तरी जंतू वाढत राहतो. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो की पायराझिनामाइडच्या नळीत औषधाची मात्रा दोन आकड्यांत लिहायची: १०० मायक्रोग्रॅम आणि ५.९. यातला एक आकडा सांगितला आणि दुसरा सांगितला नाही, तर मात्रा सांगितलीच नाही.

मग सरळ ५.५ किंवा ५.० का घेत नाहीत? क्षयाच्या जंतूलाही आम्ल सोसत नाही. त्याला ६.५ ते ७ च्या आसपासचं माध्यम आवडतं. ५.५ ला बऱ्याच रुग्णांचे जंतू नीट वाढतच नाहीत, काही तर अजिबात नाहीत. मग कंट्रोल नळीही (तुलनेसाठीची बिनऔषधाची नळी) रिकामी आणि औषधाची नळीही रिकामी, आणि ती वाढ औषधाने थांबवली की आम्लाने ते सांगता येत नाही. म्हणून तडजोड केली गेली: जुन्या किरणोत्सर्गी बॅक्टेक ४६० यंत्रात पीएच ६.० आणि आताच्या एमजीआयटीत ५.९, औषध दोन्हींत १००. जंतू वाढावा इतपत सौम्य आणि औषध चालावं इतपत आम्ल. ही तडजोड काठावरची आहे. काठावर उभ्या असलेल्या गोष्टीला ढकलायला फार जोर लागत नाही.

आता ढकलतं कोण ते पाहू.

पहिला आणि मोठा हात जंतूंच्या संख्येचा. जिवंत जंतू आम्ल माध्यमात गप्प बसत नाहीत. ते माध्यमातली नायट्रोजनयुक्त द्रव्यं वापरून अमोनिया सोडतात आणि आपल्याभोवतीचं आम्ल निवळवतात. शिवाय पायराझिनामाइडचं पायराझिनोइक आम्ल होतानाही प्रत्येक रेणूमागे अमोनियाचा एक रेणू सुटतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिलिलिटरमागे एक ते दहा कोटी जंतू घातले तेव्हा आम्ल माध्यमाचा पीएच उदासीनतेकडे सरकलेला स्पष्ट दिसला. विरजण जास्त पडलं की दूध लवकर आंबट होतं. इथे उलट, जंतू जास्त पडले की नळीचा आंबटपणा लवकर जातो. आंबटपणा गेला की औषध निकामी, औषध निकामी झालं की वाढ, आणि वाढ दिसली की यंत्र ‘रेझिस्टंट’ छापतं. यंत्र खोटं बोलत नाही, ते फक्त वाढ मोजतं.

दुसरी गोष्ट बफरची, म्हणजे पीएच धरून ठेवणाऱ्या द्रव्याची, आणि तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. नळीतल्या मिडलब्रुक ७एच९ या माध्यमात फॉस्फेटचा बफर असतो. फॉस्फेटचा जोर ७ च्या आसपास असतो. ५.९ वर येईपर्यंत त्याची आम्लाचा ऱ्हास रोखण्याची ताकद बरीच कमी झालेली असते. म्हणजे जिथे पीएच धरून ठेवणं सर्वांत गरजेचं, तिथेच बफर सर्वांत दुबळा. उदासीन नळीत जेवढा अमोनिया सहज जिरून जातो, तेवढाच आम्ल नळीत आकडा हलवतो.

तिसरी गोष्ट अल्ब्युमिन. पायराझिनामाइडच्या नळीत घालायच्या पूरक द्रावणात गाईचं अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) असतं, जंतूला ते लागतंही. पण अल्ब्युमिन जास्त झालं की पायराझिनोइक आम्लाचा परिणाम बोथट होतो. त्यामुळे पूरक द्रावण ०.८ मिलिलिटर म्हणजे ०.८च. ‘थोडं जास्त गेलं तर वाढ छान होईल’ हा विचार इथे महागात पडतो.

आता पिपेटकडे येऊ, कारण तुमच्या दोन वेगळ्या निकालांचं उत्तर मला तिथे असावं असं वाटतं.

एमजीआयटीची पॉझिटिव्ह नळी प्रकाशासमोर धरली की क्षयाचा जंतू तळाशी रव्यासारख्या कणांत दिसतो आणि वरचं द्रव बऱ्यापैकी स्वच्छ असतं. गढूळ असेल तर आधी दुसऱ्या जंतूंचा संशय घ्यायचा. हे कण सुटे जंतू नसतात. एकेका कणात मेणाने चिकटलेले हजारो जंतू असतात. नळी नुसती एकदा उलटसुलट करून लगेच पिपेट बुडवली आणि टोक तळाशी गेलं, तर त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये एखादा कण आला की नाही यावर निकाल फिरतो. कण आला तर औषधाच्या नळीत अपेक्षेच्या कितीतरी पट जंतू पडले. गुठळीच्या आतल्या जंतूंना औषधही कमी भिडतं आणि त्यांच्याभोवतीचं आम्लही लवकर मरतं. दुसऱ्या वेळी कण आला नाही, निकाल सेन्सिटिव्ह. एकच जंतू, एकच माणूस, एकच लॉट, आणि दोन रिपोर्ट.

ही अडचण पायराझिनामाइडलाच जास्त का भोवते? चाचणीची रचना बघा. बाकीच्या औषधांत कंट्रोल नळीत जंतू शंभरपट पातळ करून घालतात, पायराझिनामाइडमध्ये दहापटच. औषधाच्या नळीत मात्र जंतू पातळ न करता जातात. कंट्रोल ४०० युनिटला (यंत्र वाढ ज्यात मोजतं ते एकक) पोचली आणि औषधाची नळी १०० किंवा वर असली की रेझिस्टंट. बाकीच्या औषधांमध्येही इनॉक्युलम (नळीत घातलेले जंतू) जड झालं तर वाईटच, पण तिथे औषधाची ताकद पीएचवर उभी नसते. इथे जड इनॉक्युलम दोन बाजूंनी मारतं: वाढायला जंतू जास्त आणि त्यांना मारणारं औषध कमी.

म्हणून मी ज्या गोष्टींवर अडून बसतो त्या या. पॉझिटिव्ह झाल्याचा दिवस शून्य धरून पहिल्या-दुसऱ्या दिवशीची नळी थेट वापरायची, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाची असेल तर एकास चार भाग सलाइन घालून पातळ करायची, त्याहून जुनी असेल तर नव्याने वाढवायची. नळी नीट हलवायची, मग उभी ठेवून गुठळ्या तळाला बसू द्यायच्या आणि वरच्या द्रवातूनच घ्यायचं. पिपेटचं टोक तळाला लागता कामा नये. घाईच्या दिवशी नेमका हाच थांबण्याचा वेळ गळतो. एलजेवरच्या (अंड्याच्या घट्ट माध्यमावरच्या) वाढीतून करायचं असेल तर दोन आठवड्यांपेक्षा जुनी वाढ घेऊ नये. काचेच्या मण्यांबरोबर व्होर्टेक्स करून (यंत्रावर जोरात घुसळून) वीस मिनिटं ठेवायचं, वरचा द्रव दुसऱ्या नळीत, पुन्हा पंधरा मिनिटं, मग वरच्या द्रवाची गढूळता ०.५ मॅकफार्लंडला (गढूळतेच्या ठरावीक मापाला) जुळवायची आणि पाचपट पातळ करायचं. यातलं काही नवीन नाही, सगळं उत्पादकाच्या पत्रकात आहे. पण इतर औषधांमध्ये या पायऱ्या थोड्या ढिल्या झाल्या तरी खपून जातं आणि पायराझिनामाइडमध्ये खपत नाही, हे पत्रक वाचून कळत नाही.

२०१३ मध्ये इटलीतल्या एका गटाने ०.५ ऐवजी ०.२५ मिलिलिटर इनॉक्युलम वापरून खोटे रेझिस्टंट निकाल बरेच कमी झाल्याचं दाखवलं. मला त्यात तथ्य वाटतं. पण तो उत्पादकाच्या पद्धतीतला बदल आहे. आपल्या लॅबमध्ये ज्ञात सेन्सिटिव्ह आणि ज्ञात रेझिस्टंट जंतूंवर पडताळून, लिहून ठेवून, मान्यता घेतल्यावरच रुग्णाच्या रिपोर्टसाठी वापरावा. शंकेच्या नमुन्याची अंतर्गत फेरतपासणी म्हणून आधी करून बघायला हरकत नाही.

आता आम्ल घालण्याबद्दल. कृपया करू नका. वाढीच्या साध्या नळीत हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घालून ५.५ चा आकडा मिळेल, पण ती पायराझिनामाइडची नळी होणार नाही. प्रत्येक नळीत आम्ल सारखं पडेलच याची खात्री नाही. ५.५ ला तुमच्या रुग्णांचे किती जंतू वाढतात हे तुम्हाला माहीत नाही. १०० मायक्रोग्रॅमची सीमा ५.९ साठी ठरवलेली आहे, ५.५ ला तीच सीमा लावली तर खरा रेझिस्टंट जंतूही सेन्सिटिव्ह दिसू शकतो. खोटा सेन्सिटिव्ह हा खोट्या रेझिस्टंटपेक्षा पकडायला अवघड असतो, कारण त्यावर कुणाला शंका येत नाही. पायराझिनामाइडसाठी ५.९ ची वेगळी नळी आणि वेगळं पूरक द्रावण मिळतं, तेच वापरायचं. जागतिक आरोग्य संघटना या औषधाच्या वाढीवर आधारित चाचणीसाठी एमजीआयटीच मान्य करते. आम्ल केलेल्या एलजेवर पूर्वी ही चाचणी होत असे. अंड्याचं माध्यम, त्यात आम्ल, वर इन्स्पिसेशनची (माध्यम घट्ट करण्याची) उष्णता: वाढ अशक्त आणि निकाल अस्थिर. आपल्याकडे कित्येक वर्षं पायराझिनामाइडची चाचणी न करणंच बरं मानलं जायचं त्यामागे हेच कारण होतं.

पीएच मोजायचा असेल तर नव्या लॉटची एक कोरी नळी उघडा, पूरक द्रावण घाला, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि ४ व ७ च्या बफरवर जुळवलेल्या मीटरने मोजा. अल्ब्युमिनमुळे आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो, तो द्या. जंतू घातलेल्या नळीत इलेक्ट्रोड कधीही बुडवू नका. अगदीच बघायचं असेल तर टीबी कल्चरच्या बंदिस्त खोलीत, सेफ्टी कॅबिनेटच्या आत, अरुंद पट्ट्याच्या पीएच कागदावर एक थेंब, आणि तो कागद संसर्गजन्य कचऱ्यात. ऑटोक्लेव्ह करून मग मोजण्याचा मोह होतो, पण उष्णतेने पीएच बदलतो आणि तो आकडा काही सांगत नाही. रेझिस्टंट आलेल्या नळीचा पीएच ६.५ निघाला तर ‘बघा, म्हणूनच’ म्हणण्याचीही घाई करू नका. खरा रेझिस्टंट जंतू भरपूर वाढला तरी पीएच वरच जाणार आहे. वाढीमुळे पीएच चढला की पीएचमुळे वाढ झाली, हे शेवटच्या एका आकड्यावरून ठरत नाही.

तुमच्या रुग्णाचा कुठला रिपोर्ट खरा? इथे नळीच्या बाहेर बघावं लागतं. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्हींना सेन्सिटिव्ह असलेल्या जंतूत एकट्या पायराझिनामाइडचा रेझिस्टन्स दुर्मिळ असतो. एमडीआर (या दोन्ही औषधांना रेझिस्टंट) जंतूंमध्ये मात्र साधारण निम्म्यांत तो सापडतो. म्हणून एमडीआर रुग्णात आलेला ‘रेझिस्टंट’ आणि तुमच्या रुग्णात आलेला ‘रेझिस्टंट’ यांचं वजन सारखं नाही. जिथे खरी घटना दुर्मिळ असते तिथे येणाऱ्या एकूण रेझिस्टंट निकालांत खोट्यांचा वाटा आपोआप मोठा होतो. त्यामुळे एकटाच आलेला पायराझिनामाइड रेझिस्टन्स माझ्याकडे पहिल्या फेरीत बाहेर जात नाही, आधी फेरतपासणीला जातो.

फेरतपासणीत चार गोष्टी बघतो. पहिली, नळीत दुसरा जंतू तर नाही ना: झेडएन स्मिअर (टीबीचे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि ब्लड अगरवर (इतर जंतू वाढतील अशा माध्यमावर) एक रेघ. दुसरी, कंट्रोल नळी चार दिवसांच्या आत ४०० ला पोचून यंत्राने एक्स २०० हा त्रुटीचा संकेत दाखवला होता का. तसं असेल तर इनॉक्युलम जड होतं हे यंत्रानेच सांगितलं. ४०० ला २१ दिवसांतही पोचली नाही तर एक्स ४००, म्हणजे जंतूला ते आम्ल सोसलं नाही, आणि तिथे रिपोर्ट ‘निष्कर्ष नाही’ असाच जातो. तिसरी, त्याच फेरीत लावलेल्या एच३७आरव्हीचा (ज्ञात सेन्सिटिव्ह प्रमाण जंतूचा) निकाल. तो सेन्सिटिव्ह आला नसेल तर पूर्ण फेरी रद्द. रेझिस्टंट नियंत्रण म्हणून बीसीजी सोयीचा, तो नैसर्गिकरीत्याच रेझिस्टंट असतो.

चौथी गोष्ट याच बीसीजीवरून आली. मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, म्हणजे गुरांचा टीबी, आणि त्यापासून बनलेली बीसीजी लस, दोघांच्या पीएनसीए जनुकात एका ठिकाणी अक्षर बदललेलं आहे: १६९ व्या जागी सी ऐवजी जी. त्यामुळे एन्झाइम निकामी आणि औषध जन्मतःच निरुपयोगी. म्हणजे एकटाच पायराझिनामाइड रेझिस्टन्स आणि तोही वारंवार येत असेल, तर जंतू खरंच मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस आहे का ते तपासा. एमपीटी ६४ चं (टीबी गटाचं प्रथिन ओळखणारं) कार्ड फक्त टीबी गट सांगतं, त्यातला कुठला ते नाही. रुग्णाला मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजीचे डोस दिले आहेत का, लहान मूल असेल तर लसीच्या बाजूच्या काखेतली गाठ आहे का, कच्च्या दुधाची सवय आहे का, हे डॉक्टरांना विचारायला फोन पुरतो.

तरीही उकल झाली नाही तर पीएनसीएचं सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचणं. जनुक छोटं आहे, ५६१ अक्षरांचं. पण रिफॅम्पिसिनसारखं बदल एका ८१ अक्षरांच्या पट्ट्यात गोळा झालेले नाहीत, ते जनुकभर आणि त्याआधीच्या नियंत्रक भागातही विखुरलेले असतात. त्यामुळे पूर्ण जनुक वाचावं लागतं. वाचल्यावर दिसलेला प्रत्येक बदल रेझिस्टन्सचा नसतो. ६५ व्या सेरीनचा बदल आपल्याकडे वारंवार दिसतो, कारण भारतात भरपूर असलेल्या सेंट्रल एशियन वंशाची ती खूणच आहे. त्याने अमिनो आम्ल बदलत नाही आणि औषधावर परिणाम होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची म्युटेशन यादी २०२१ मध्ये आली आणि २०२३ मध्ये सुधारली गेली, ती शेजारी ठेवूनच अर्थ लावावा. उलट, सिक्वेन्समध्ये काही न सापडणं म्हणजे शंभर टक्के सेन्सिटिव्ह असंही नाही, कारण थोड्या रेझिस्टंट जंतूंमध्ये दोष पीएनसीएत नसतो. सिक्वेन्सिंग हाताशी नसेल तर वेनची जुनी पायराझिनामिडेज चाचणी अजून उपयोगी आहे: औषध घातलेल्या अगरवर भरपूर जंतू वाढवायचे आणि ताजं फेरस अमोनियम सल्फेटचं द्रावण ओतायचं. गुलाबी पट्टा उमटला तर एन्झाइम जिवंत. पट्टा कधी कधी फार फिकट असतो, पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. या चाचणीचं मोल असं की तिचा निकाल जंतू वाढतो की मरतो यावर अवलंबून नसतो, एन्झाइम आहे की नाही एवढंच ती विचारते.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर: तुमच्या दुसऱ्या, सेन्सिटिव्ह निकालाकडे माझा कल आहे, पण अजून शिक्का मारणार नाही. गुठळ्या बसू देऊन तिसऱ्यांदा लावा, दोन्ही नियंत्रणांसह. पुन्हा सेन्सिटिव्ह आला तर तसा रिपोर्ट द्या. पुन्हा रेझिस्टंट आला तर जंतूची ओळख पक्की करून पीएनसीएकडे जा.

तुमचा शेवटचा प्रश्न बाकीच्या औषधांचा. हो, आम्लाचा परिणाम होतो, पण उलट्या दिशेने. स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन ही औषधं आम्ल माध्यमात दुबळी होतात. त्यांचा रेणू जास्त भारित होतो आणि जंतूच्या आत ओढला जाण्यासाठी लागणारा विद्युत्-फरकही घटतो. लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचाही जोर आम्लात कमी होतो. आयसोनियाझिडवर पीएचचा थेट परिणाम फार नाही, पण ते वाढणाऱ्या जंतूवर काम करतं, आणि ५.९ ला वाढच मंद असते. म्हणून पायराझिनामाइडच्या उरलेल्या नळ्या दुसऱ्या औषधांसाठी वापरणं नाही, आणि ५.९ ची कंट्रोल नळी बाकी औषधांशी ताडून बघणंही नाही. टीबी गटाबाहेर गेलात तर क्लॅरिथ्रोमायसिन हे याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण. एमएसी (मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटाच्या) जंतूंसाठी ते ७.३ ते ७.४ पीएचच्या माध्यमात तपासतात, आम्लाकडे सरकलं की औषध लगेच कमकुवत दिसतं.

डॉक्टरांना काय सांगायचं हेही यातच आलं. पायराझिनामाइड आलं म्हणून नऊ महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आला. दाह झालेल्या जागी आणि पेशींच्या आत, जिथे पीएच खाली असतो आणि जंतू मंद झालेले असतात, तिथे हे औषध पहिल्या दोन महिन्यांत जी सफाई करतं ती दुसरं कुठलंही पहिल्या फळीतलं औषध करत नाही. एका खोट्या ‘रेझिस्टंट’मुळे ते बंद झालं, किंवा यकृताला त्रास नसलेल्या माणसाचा उपचार विनाकारण नऊ महिन्यांवर गेला, तर ते रुग्णाचं खरं नुकसान आहे. म्हणून फेरतपासणी चालू असताना फोन करून एवढंच सांगा: ‘पायराझिनामाइडचा निकाल अजून पक्का नाही, पुष्टी करतो आहोत, तोवर या एका निकालावरून औषधात बदल करण्याआधी आमच्याशी बोला.’ औषध चालू ठेवायचं की नाही हा निर्णय डॉक्टरांचा. तो कशाच्या आधारावर घ्यायचा आणि कशाच्या नाही, हे सांगणं आपलं काम.

तिसऱ्यांदा चाचणी लावलीत की इथे एवढं लिहा: पॉझिटिव्ह झाल्यापासून कितव्या दिवशीची नळी वापरली, तिन्ही फेऱ्यांत कंट्रोल कितव्या दिवशी ४०० ला पोचली, आणि त्या क्षणी औषधाच्या नळीचा आकडा किती होता. १०० च्या जरासाच वर आणि हजारांत, या दोहोंचा अर्थ वेगळा निघतो, आणि पहिल्या रेझिस्टंट फेरीतला तो आकडा तुम्ही प्रश्नात दिलेला नाही.